डॉ. खानोलकर आणि डॉ. कमल रणदिवे : वैद्यकीय संशोधनातील मार्गदर्शन-परंपरेचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
संशोधनसंस्थांच्या इतिहासात इमारती, अनुदाने व शोध यांची नोंद होते. मार्गदर्शक व संशोधक विद्यार्थी यांचे नाते मात्र बहुधा ऋणनिर्देशाच्या पानावरच राहते. प्रस्तुत लेखात मुंबईतील कर्करोग-संशोधनाच्या आरंभकाळातील अशा एका नात्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) हे विकृतिशास्त्रज्ञ होते. लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी संपादन करून ते मुंबईत अध्यापन करू लागले. १९४१ मध्ये परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले व तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. रुग्ण आणि सूक्ष्मदर्शक एकाच छताखाली आल्याने संशोधनाच्या प्रशिक्षणास अनुकूल भूमी निर्माण झाली.

मार्गदर्शनाचे स्वरूप :
कमल रणदिवे (१९१७-२००१) या वैद्यकशाखेच्या पदवीधर नव्हत्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी वनस्पतींच्या पेशी-आनुवंशिकीवर एम.एस्सी. केले होते. अशा विद्यार्थिनीस खानोलकरांनी आपल्या प्रयोगशाळेत स्थान दिले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

पदवीनंतरचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. खानोलकरांच्या प्रोत्साहनाने त्या अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकण्यास गेल्या. जी विद्या येथे उपलब्ध नव्हती, ती मिळवण्यासाठी गुरूने शिष्येस दुसऱ्या गुरूकडे पाठवले. १९५२ मध्ये खानोलकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. परतलेल्या रणदिवे यांनी तेथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांवरील प्रयोगांतून स्तनांच्या कर्करोगातील आनुवंशिकता व संप्रेरके यांचा संबंध अभ्यासला.

ही परंपरा येथेच थांबली नाही. १९७३ मध्ये रणदिवे यांनी सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना केली. शिष्या स्वतः इतरांचा आधार झाली.

निष्कर्ष :
आज वैद्यकशाखेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रबंध अनिवार्य आहे. परंतु मार्गदर्शकाची स्वाक्षरी म्हणजे मार्गदर्शन नव्हे. वरील विवेचनावरून मार्गदर्शनाच्या तीन कसोट्या दिसून येतात : अन्य शाखेतून आलेल्या विद्यार्थ्यास प्रवेश देणे, स्वतःच्या विषयसीमेपलीकडे त्यास जाऊ देणे आणि तो परतल्यावर त्याच्या कार्यास जागा करून देणे. विद्यार्थ्यांची संख्या अहवालात मोजता येते. या तीन गोष्टींसाठी अहवालात रकाना नसतो. संस्थेचे भवितव्य मात्र त्यांवरच ठरते.