पत्र, आक्षेप आणि उत्तर

विद्वानांच्या खाजगी पत्रव्यवहारास मुद्रणाने सार्वजनिक रूप कसे आले, हे पाहावयाचे तर लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांचे कार्य ध्यानात घ्यावे लागते. मार्च १६६५ मध्ये त्यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. प्रकाश व रंग यांविषयीचे न्यूटन यांचे पत्र फेब्रुवारी १६७२ मध्ये त्यात प्रसिद्ध झाले. अशा रीतीने ग्रंथ सिद्ध होण्यापूर्वीच त्यातील सिद्धांत परीक्षेस उभा राहिला. पॅरिसचे जेझुइट पंडित पार्डी यांनी घेतलेले आक्षेप आणि न्यूटन यांची उत्तरे त्याच वर्षी छापली गेली, व पार्डी यांचे समाधान झाले.

रॉबर्ट हूक यांच्या बाबतीत मात्र निराळे घडले. त्यांची टीका छापली गेली नाही. तिला न्यूटन यांनी दिलेले उत्तर तेवढे छापले गेले. वाचकांपुढे वादाची एकच बाजू आली. पुढे वादविवादास कंटाळलेल्या न्यूटन यांनी आपला ‘ऑप्टिक्स’ हा ग्रंथ हूक यांच्या निधनानंतर, १७०४ मध्ये प्रसिद्ध केला.

तात्पर्य, विचार त्वरित प्रसिद्ध झाल्याने ज्ञानव्यवहार खुला होतोच असे नाही. त्यासाठी आक्षेपासही उत्तराइतकीच जागा मिळावी लागते.