ताकाचा उतारा

'पोटात आग पडलीय' असं कुणी म्हटलं, की आमच्या सांगोला भागात ताकाचं गाडगं पुढं यायचं. जात्यावर ज्वारी भरडायची, मऊ शिजवायची, गार झाली की वर पातळ ताक नि मीठ. या ताक-कण्या. दोन-तीन दिवस तेवढंच खायचं. तिखट नि चहा बंद. रात्री भिजवलेल्या धन्याचं पाणी खडीसाखर घालून सकाळी प्यायचं. आजी शिळं ताक देत नसे. "आंबाट ताकानं आग वाढती," म्हणायची.

या औषधाला पैसा लागत नसे, असं लोक आता लिहितात. खरंय, पण म्हैस लागायची! ज्याच्या दारात नाही त्याला शेजारून तांब्याभर ताक मिळे. ताक विकणं कमीपणाचं होतं.

1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. कडबा संपला, म्हशी कवडीमोलानं बाजारात गेल्या, त्यांच्यामागं गावातलं ताक गेलं. ज्वारीच्या जागी रेशनवर मिलो आला, अमेरिकेतली तांबडी ज्वारी. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात 50 लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. आमचं घर पाझर तलावावर. उपाशीपोटी कोरा चहा, दुपारी मिलोची भाकरी नि लाल चटणी. पोट जळणार नाही तर काय? मग लोकांनी खायचा सोडा धरला. चिमूटभर पाण्यात टाकून प्यायला की आम्ल मरतं, ढेकर येतो, घटकाभर बरं वाटतं. घटकाभरच.

माझ्या थोरल्या चुलत्यांचा सोडा दुष्काळ सरला तरी सुटला नाही. त्यात गुडघेदुखीच्या गोळ्या, त्याही उपाशीपोटी. दहाएक वर्षांनी एका पहाटे त्यांना रक्ताची उलटी झाली. त्याआधी कितीतरी दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, पण ते कुणाला बोलले नव्हते. बैलगाडीनं रस्त्यापर्यंत, तिथनं एसटीनं पंढरपूर. जठरात व्रण निघाला. वाचले.

असे व्रण तिखटानं नि काळजीनं होतात, असं तेव्हा डॉक्टरही मानत. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातला जंतू वेगळा काढून वाढवला. पुष्कळ व्रणांमागं तोच असतो. लोक मानेनात, म्हणून मार्शलनी 1984 मध्ये ते जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. 2005 चं नोबेल दोघांना मिळालं. कण्यांनी तो जंतू मरत नाही आणि गोळ्यांनी पडलेला व्रणही भरत नाही. तिथं डॉक्टरच पाहिजे. साध्या जळजळीला मात्र मी अजून कण्याच खातो.

पुढं गावात जनावरं परत आली, जर्सीही आल्या, पण दूध कॅनमधनं डेअरीला जाऊ लागलं. घरोघरच्या रव्या माळ्यावर गेल्या. चुलत्यांसाठी आईनं एक गावठी गाय राखली होती. ते होते तोवर तिचं थेंबभर दूध तिनं डेअरीला घातलं नाही.