माळवदाचं ओझं

सप्टेंबर आला की किल्लारीचा विषय निघतोच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. साडेसात हजारांच्या वर माणसं गेली. भूकंप ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जगात याहून मोठे कितीतरी झालेत. मग एवढी माणसं गेली कशानं? घरानं गेली.

लातूर-धाराशिवकडची जुनी घरं आठवा. दोन-अडीच फुटांची भिंत, चिखलात बसवलेले दगड. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधी गोटे-माती. दोन्ही थरांना धरणारा आरपार दगड नसायचाच. वर लाकडी माळवद, त्यावर माती. गळायला लागलं की नवीन माती टाकायची, जुनी कोण काढतोय? अशानं फूट-दोन फूट थर चढायचा. हादऱ्यानं भिंत दोन्हीकडं फाकली अन् सगळं अंगावर आलं. कितीतरी ठिकाणी आतले लाकडी खांब उभेच राहिले. कुडाच्या झोपडीतली माणसं वाचली, वाड्यातली गेली.

पुढं जागतिक बँकेच्या कर्जातून ५२ गावं नव्या जागी वसवली. घर जमिनीप्रमाणं: १ हेक्टरपर्यंत २५० चौरस फूट, ७ पर्यंत ४००, त्यावर ७५०. (बैल कुठं बांधायचे, ते कागदावर नव्हतं वाटतं!) बाकी गावांत लाखाहून जास्त घरांना मजबुतीसाठी मदत होती. माती उतरवा, आरपार दगड बसवा, भिंतीवरून सिमेंट-सळईचा पट्टा फिरवा, असं इंजिनिअर सांगायचे. बऱ्याच जणांनी त्या पैशात शेजारी नवीन खोली काढली. जुन्या भिंतीवरचा विश्वासच उडाला होता, त्यांना नावं ठेवून उपयोग नाही. पण जुनं घर तसंच राहिलं.

घराचा विमा तेव्हा खेड्यात कुणाला ठाऊक? आजही एक रुपयातला पीक विमा बंद झाला तर केवढी ओरड झाली, अन् घराचं कुणी बोलत नाही. पूर्ण पडलेल्या घराला सरकारी मदत सपाट भागात १ लाख २० हजार. एवढ्यात पाया अन् भिंती तरी होतात का, हिशेब करा. २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी आहे. भूकंप, पूर, वादळ, वीज, आग, सगळं त्यात धरलंय. रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेच्या किमतीवर नाही. अर्जात घर कशाचं बांधलंय ते खरं लिहा, नाहीतर पुढं वाद होतो.

आणि ज्यांचं माळवद अजून उभं आहे, त्यांनी सोयाबीन निघालं की गवंडी बोलवून वरची जादा माती उतरवून घ्या. कुणी घराचा विमा काढला असेल तर हप्ता किती बसला, सांगा.