चार कोपऱ्यांचं संगीत

1969 साली बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राची मैफल घरबसल्या पुरती ऐकायची, तर एक रेडिओ पुरत नसे. डब्ल्यूजीबीएच आणि डब्ल्यूसीआरबी या शहरातल्या दोन एफएम केंद्रांनी एक प्रयोग मांडला होता. एका केंद्रावरून सभागृहातला पुढचा डावा-उजवा आवाज यायचा, दुसऱ्यावरून मागचा. श्रोत्याने दोन स्टिरिओ रेडिओ आणि चार स्पीकर जमवायचे, दोन समोर आणि दोन पाठीमागे मांडायचे आणि मधोमध खुर्ची टाकून बसायचं. खटाटोप मोठा, पण सभागृहाच्या भिंतींवरून परतणारा नाद आता दिवाणखान्यात पाठीमागून यायला लागला. त्याच वर्षी व्हॅनगार्ड या अमेरिकी कंपनीने चार ट्रॅकच्या टेपही बाजारात आणल्या. आज डॉल्बी ॲटमॉस या सराउंड ध्वनीच्या नावाखाली लाखो रुपये ज्या हौसेवर खर्च होतात, तिचा हा पूर्वज. त्याचं नाव क्वाड्राफोनी.

चहूबाजूंनी संगीत ऐकण्याची ओढ अर्थातच याहून जुनी आहे. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये 16 व्या शतकात गायकांचे ताफे वेगवेगळ्या जागी उभे करून सवाल-जवाबासारखी रचना गायली जाई. 1956 मध्ये कोलोनला कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेनने एका लहान मुलाचा आवाज आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी पाच दिशांच्या स्पीकरांतून फिरवले. मे 1967 मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये पिंक फ्लॉइडने ‘ॲझिमथ कोऑर्डिनेटर’ नावाची पेटी वापरली. तिच्यावरची दांडी फिरवली की आवाज सभागृहाला प्रदक्षिणा घालायचा. कार्यक्रमानंतर पेटी चोरीला गेली! मग दुसरी बनवावी लागली, ती आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहे.

पण ही सगळी सभागृहांची गोष्ट झाली. घरात संगीत यायचं ते तबकडीवरून, आणि खरी अडचण तिथेच होती.

स्टिरिओ रेकॉर्डच्या खाचेला दोन भिंती असतात. एका भिंतीवर डावा आवाज कोरलेला, दुसरीवर उजवा. भिंती दोनच, मग चार आवाज बसवायचे कुठे? सीबीएस या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या बेंजामिन बाउअरने मागचे दोन आवाज फेज बदलून पुढच्या दोघांत मिसळले. ते घरी डिकोडरने पुन्हा सुटे करायचे. ही एसक्यू पद्धत. जपानच्या सानसुईने जवळपास अशीच क्यूएस पद्धत काढली. दोन्हींत एकच गोम होती. एकदा मिसळलेले चार आवाज पूर्ण सुटे होत नाहीत. एसक्यूच्या साध्या डिकोडरमध्ये पुढच्या आणि मागच्या आवाजात जेमतेम 3 डेसिबलचा फरक उरे. व्हायोलिन समोर वाजतंय की पाठीमागे, हे ऐकणाऱ्याला सांगता येऊ नये इतका तो कमी.

जेव्हीसी या दुसऱ्या जपानी कंपनीचा मार्ग जास्त धाडसाचा होता, आणि कारागिरीच्या दृष्टीने देखणाही. त्यांच्या सीडी-4 रेकॉर्डमध्ये ऐकू येणाऱ्या संगीताच्या वर, 30 किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर, पुढच्या-मागच्या आवाजांमधला फरक कोरलेला असे. माणसाचा कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत पोचतो, म्हणजे अर्धं संगीत डोक्यावरून जाणाऱ्या कंपनांत लपवलेलं. ते वाचायला सुईने 45 किलोहर्ट्झपर्यंत थरथरायला हवं. साधी गोल टोकाची सुई तिथे पोचत तर नसेच, उलट ती नाजूक नक्षी झिजवून टाके. म्हणून नोरिओ शिबाता या अभियंत्याने खाचेच्या भिंतींना उंच, अरुंद रेषेत टेकणारं नवं टोक घडवलं. सीडी-4 केव्हाच गेली, पण शिबाता सुई आजही महागड्या कार्ट्रिजमध्ये मिळते. या सगळ्या उलाढालीतून बाजाराला काय मिळालं, असं कुणी विचारलं तर पहिलं नाव या सुईचं घ्यावं लागेल.

गिऱ्हाइकाचे मात्र हाल होते. रेकॉर्ड कंपन्यांपैकी सीबीएस आणि ईएमआय एसक्यूच्या गोटात, आरसीए सीडी-4 च्या. एका पद्धतीची रेकॉर्ड दुसरीच्या यंत्रावर लावली की साधं स्टिरिओ ऐकू येई. त्यात चार खांबांसारखे स्पीकर, त्यांच्या वायरी, आणि ऐन मध्यावर खुर्ची. घरातल्या इतरांनी बसायचं कुठे, हा प्रश्न एकाही जाहिरातीने घेतला नाही.

भूमितीही चुकीचीच होती. चार स्पीकर चौरसाच्या चार कोपऱ्यांत ठेवले, की समोरच्या दोघांमध्ये 90 अंशांचं अंतर पडतं आणि गायकाच्या जागी पोकळी तयार होते. शिवाय कानाच्या थेट बाजूला, पुढच्या आणि मागच्या स्पीकरांच्या मधे, आवाजाची जागा आपल्याला नीट ठरवता येत नाही. ऑक्सफर्डचा गणितज्ञ मायकेल गर्झन याने यावर नेमकं बोट ठेवलं. त्याच्या ‘ॲम्बिसॉनिक्स’मध्ये चार स्पीकरांसाठी चार आवाज नव्हतेच. एका बिंदूवर सगळ्या दिशांनी येणारा ध्वनी टिपायचा आणि तो कितीही स्पीकरांवर उतरवायचा, अशी ती कल्पना. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. आता व्हर्च्युअल रिॲलिटीवाले तीच वापरतात.

कलावंतांमध्येही एकमत नव्हतं. मागच्या स्पीकरांतून फक्त सभागृहाची गूंज द्यावी, की वादकच तिथे बसवावेत? सीबीएसने पिअर बूलेझच्या हाताखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिककडून बार्टोकचा ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ ध्वनिमुद्रित केला, तेव्हा वादक गोलाकार बसवले. श्रोता थेट वाद्यवृंदाच्या पोटात. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली, पण त्या रचनेतला वाद्यांचा आपसांतला खेळ असा उलगडून दुसरीकडे क्वचितच ऐकू येतो.

रॉकवाल्यांना असला संकोच नव्हताच. ईएमआयच्या ॲबी रोड स्टुडिओतला तरुण अभियंता ॲलन पार्सन्स क्वाड्राफोनीच्या प्रात्यक्षिकासाठी जुन्या घड्याळांच्या दुकानात गेला आणि एकेका घड्याळाचे टोल वेगवेगळे टिपून आला. तेच टोल पुढे पिंक फ्लॉइडच्या 1973 च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधल्या ‘टाइम’ गाण्याच्या आरंभी एकदम घणघणले. या अल्बमचं चार स्पीकरांचं मिश्रणही पार्सन्सचंच.

दिशा असलेल्या आवाजाची चटक भारतात लागली ती चित्रपटगृहात. 15 ऑगस्ट 1975 ला ‘शोले’ आला, तोही 70 मिलिमीटरवर, स्टिरिओफोनिक ध्वनीसह. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हात अमिताभने फेकलेलं नाणं खणखणलं, की प्रेक्षक खुर्चीखाली वाकून पाहत, असं सांगतात.

अमेरिकेत तोवर क्वाड्राफोनीचं दुकान आटोपत आलं होतं. दशक सरताना तीनही पद्धती बाजारातून उठल्या. तंत्र मात्र मेलं नाही. चार आवाज दोनांत मिसळून परत सोडवण्याचे मूळ पेटंट पीटर शायबर या संगीतकार-संशोधकाच्या नावावर होते. चित्रपटांच्या सराउंड ध्वनीसाठी डॉल्बीने याच जातीचं तंत्र वापरलं, तेव्हा शायबरने 1983 मध्ये दावा ठोकला. तडजोड झाली, रॉयल्टी सुरू झाली. पेटंटची मुदत संपल्यानंतरच्या रॉयल्टीवरून पुन्हा कज्जा झाला आणि तो 2002 मध्ये डॉल्बीच्या बाजूने सुटला. दिवाणखान्यातून मागच्या दाराने गेलेला सराउंड ध्वनी सिनेमाचं बोट धरून पुढच्या दाराने परत आला, तो असा.

परत आल्यावर जुनीच चूक घडली. सराउंड ध्वनी सामावणाऱ्या नव्या तबकड्या आल्या, 1999 ला एसएसीडी, 2000 ला डीव्हीडी-ऑडिओ. पुन्हा दोन गोट, पुन्हा गोंधळलेलं गिऱ्हाईक, पुन्हा पीछेहाट. पण या तबकड्यांनी एक मोठं काम केलं. फिलिप्सने सत्तरच्या दशकात अभिजात संगीताच्या कितीतरी टेप चार ट्रॅकवर मुद्रित केल्या होत्या आणि रेकॉर्डवर त्या नीट उतरणार नाहीत म्हणून तशा रूपात काढल्याच नव्हत्या. कंपनीच्या माजी मंडळींनी काढलेल्या पेंटाटोन या डच लेबलने त्या एसएसीडीवर आणल्या. ज्यांच्यासाठी ते मुद्रण झालं, त्यांच्या पुढच्या पिढीने ते ऐकलं. ‘डार्क साइड’चंही तसंच. 2003 ला जेम्स गथ्रीचं 5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरचं, मिश्रण आलं, 2011 च्या संचात पार्सन्सचं जुनं क्वाड पुन्हा मिळालं आणि 2023 ला ॲटमॉस. तिन्हींत पार्सन्सचं अधिक बेधडक आहे.

2021 पासून ॲपल म्युझिकवर ॲटमॉस गाणी हेडफोनवरही वाजतात. पण खोलीत स्पीकर लावून ऐकायचं असेल, तर केबलवर पैसे घालण्याआधी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची 1992 ची शिफारस पाहावी. एक स्पीकर ऐन समोर, पुढचे दोन मध्यापासून 30-30 अंशांवर, मागचे दोन 110 च्या आसपास आणि पाचही कानापासून सारख्याच अंतरावर. खुर्ची भिंतीला चिकटवू नये. या मोजमापाला सुतळी आणि कोनमापक पुरतो.