बदलीचा हुकूम कुणाच्या सहीने?

कल्याण-शीळ रस्त्याच्या आजूबाजूला निळजे, घेसर, हेदुटणे, दावडी, सोनारपाडा अशी सत्तावीस गावं आहेत. १९८३ साली कल्याण परिसराची महापालिका झाली तेव्हा ती तिच्यात आली. २००२ मध्ये बाहेर पडली. जून २०१५ मध्ये पुन्हा आत गेली. २०२० मध्ये त्यांतली अठरा गावं वेगळी काढून त्यांची नगरपरिषद करण्याची अधिसूचना निघाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने ती रद्द केली. गावं जिथल्या तिथे राहिली, हद्द मात्र त्यांच्या डोक्यावरून ये-जा करत राहिली. महाराष्ट्रात खेड्यातली प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची आणि महापालिकेच्या हद्दीतली महापालिकेची, असा कायद्याचा सरधोपट हिशेब आहे. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात एक साधा प्रश्न नव्याने उभा राहतो. शाळेचं छप्पर गळायला लागलं तर अर्ज ठाण्याला न्यायचा की कल्याणला?

हा प्रश्न सत्तावीस गावांच्या वाट्याला आत्ता आला असला, तरी त्याचं मूळ दीडशे वर्षं मागे जातं.

१८५४ हे वर्ष कल्याणच्या इतिहासात रेल्वेचं म्हणून ओळखलं जातं. आदल्या वर्षी १६ एप्रिलला ठाण्यापर्यंत आलेली गाडी त्या वर्षी कल्याणला पोचली. त्याच साली विलायतेहून शिक्षणाच्या धोरणाचा वूडचा खलिता आला आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात सरकारचं विद्याखातं उभं राहिलं. तोवर गावातली शाळा म्हणजे पंतोजी, ओसरी, धूळपाटी आणि पालकांनी दिलेला शिधा. पंतोजीला नेमणारे आणि काढणारे गावकरीच. नवं खातं आलं तसे तपासनीस आले, हजेरीपट आले, क्रमिक पुस्तकं आली. पैसा मात्र अपुरा होता. १८६३च्या सुमारास सरकारने त्यावर एक तोड काढली. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा, त्यातले दोन हिस्से रस्त्यांसारख्या कामांना आणि एक हिस्सा शाळांना. हाच तो लोकल फंड. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी पुढे या एका आण्याच्या इतिहासावर अख्खं पुस्तक लिहिलं, इतका तो आणा महत्त्वाचा ठरला.

कारण त्या आण्यातच भांडणाचं बी होतं. कर भरायचा शेतकऱ्याने, आणि शाळेचा लाभ घ्यायला पुढे बाजारपेठेच्या गावातले व्यापारी, कारकून, वकील. ज्या वर्षांत हा कर सुरू झाला त्याच सुमारास, १८६३ साली, ठाण्यात नगरपालिका आली. पण शहरातल्या शाळांचा खर्च नगरपालिकेने उचलावा अशी सक्ती तेव्हा नव्हती. कुळाच्या घामातून शहराची शाळा चालते, ही तक्रार लवकरच मोठ्या आवाजात ऐकू येऊ लागली.

ती सगळ्यांत स्पष्ट मांडली जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी पाठ्यपुस्तकांत येते. दुसरी एक मागणी फारशी कुणी सांगत नाही. मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांकडून त्यांच्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च वसूल करा, पण शाळांचा कारभार कोणत्याही परिस्थितीत त्यांच्या हाती देऊ नका, तो विद्याखात्याच्याच देखरेखीखाली ठेवा, असं फुल्यांनी सांगितलं होतं. गंमत अशी की ते स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद होते. सभेत बसून त्यांनी जे पाहिलं होतं, त्यावरून त्यांनी आपल्याच संस्थेवर अविश्वास दाखवला होता.

आयोगाने आणि सरकारने ऐकलं उलट. ते दिवस लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्याचे होते. १८८४ च्या कायद्यांनी लोकल बोर्डं आणि नगरपालिका यांच्याकडे प्राथमिक शाळांची जबाबदारी सरकू लागली. कागदावर हे लोकशाहीचं पाऊल होतं. प्रत्यक्षात बोर्डावर जाणारा माणूस इनामदार, वकील नाहीतर सावकार. त्याला शाळा हवी होती, पण ती आपल्या आळीत.

पुढचं मोठं वळण १९२० च्या दशकात आलं. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने नगरपालिकांना सक्तीचं शिक्षण लागू करण्याची मुभा देणारा कायदा झाला होता. नव्या द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण हे खातं हिंदी मंत्र्यांकडे आलं. मुंबई इलाख्यात ते रँग्लर र. पु. परांजप्यांकडे होतं. १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा याच पर्वातला. त्याने प्राथमिक शाळांचा ताबा जिल्हा लोकल बोर्डं आणि मोठ्या नगरपालिका यांच्या स्कूल बोर्डांकडे दिला. सरकारी तपासनिसाकडे उरलं पाहणं आणि लिहिणं. शिक्षक नेमणं, त्याला बढती देणं आणि त्याची बदली करणं ही कामं बोर्डाकडे गेली.

बदली. शाळांवर कुणाची सत्ता, या सगळ्या वादाचा गाभा या एका शब्दात आहे. अभ्यासक्रमावरून माणसं सभांत भांडतात, पण मास्तर कुठे राहील हे ठरवणाऱ्याला गावात सलाम पडतात. शहापूर-मुरबाडच्या डोंगराकडच्या वाडीवर बदली म्हणजे चिखलातून मैलोन्‌मैल पायपीट, आणि रेल्वेच्या रांगेतल्या गावी बदली म्हणजे मुलांच्या शिक्षणाची सोय. मास्तर गावात लिहिणारा-वाचणारा, चार घरांत ऊठबस असलेला माणूस. निवडणुकीत तो कुणाच्या बाजूने बोलतो याला मोल होतं. १९२३ नंतर बोर्डाच्या निवडणुकीचा आणि शिक्षकांच्या बदल्यांचा हंगाम एकच झाला, ही ओरड इलाखाभर सुरू झाली.

याच काळात फुल्यांची शंका बाबासाहेब आंबेडकरांनी अधिक धारदार करून मांडली. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सगळ्यांना खुल्या केल्या होत्या, पण तो ठराव अमलात आणायचा कुणी? बऱ्याच ठिकाणी त्याच बोर्डांनी, ज्यांच्यावर अस्पृश्य समाजाचा माणूस निवडून येण्याची शक्यता नव्हती. मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी थेट मागणी केली की हा शिक्षण कायदा रद्द करा आणि स्कूल बोर्डांकडे शाळा सोपवणं थांबवा, नाहीतर दलित वर्गांचं शिक्षण मागे पडेल. ‘जवळचं सरकार ते चांगलं सरकार’ हे तत्त्व ऐकायला गोड असतं. ज्याला शाळेच्या दाराबाहेर बसवलं जातं, त्याला जवळचा पाटील नको असतो. त्याला लांबचा, त्रयस्थ साहेब परवडतो.

१९३७ मध्ये काँग्रेस सत्तेवर आली आणि बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले. शिक्षण खातंही त्यांच्याचकडे होतं. स्थानिक स्वराज्याचा जयघोष करणाऱ्या पक्षाने पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त करून स्कूल बोर्डांच्या बऱ्याच अधिकारांना कात्री लावली. बोर्डाचा प्रशासन अधिकारी सरकारचा नोकर झाला आणि शिक्षकांचं भवितव्य मुख्यतः त्याच्या हाती गेलं. १९४७ च्या कायद्याने हीच घडी पक्की केली. लोकांनी निवडलेलं मंडळ, सरकारने नेमलेला अधिकारी, आणि दोघांत कायमची रस्सीखेच.

एका शाळेचे असे तीन मालक झाले. पगाराचा पैसा मोठ्या प्रमाणावर सरकारचा, इमारत नगरपालिकेची किंवा बोर्डाची, बदलीची सही अधिकाऱ्याची. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, जिल्हा स्कूल बोर्डं गेली आणि ग्रामीण शाळा परिषदेच्या शिक्षण समितीखाली आल्या. बदल्यांच्या यादीवर आता जिल्हा परिषदेच्या सदस्यांचा डोळा राहिला. ठाण्यासारख्या जिल्ह्यात तर परिषदेचं मुख्यालयच महापालिकेच्या शहरात. ठाणे शहरातली ब्रिटिश काळातली बी. जे. हायस्कूल आजही जिल्हा परिषदेची म्हणून ओळखली जाते, आणि तिच्या आसपासच्या प्राथमिक शाळा महापालिकेच्या. कल्याणला रेल्वेच्या वसाहतीसाठी रेल्वेने स्वतःची शाळा काढली. एकाच लोकलच्या रस्त्यावर वेगवेगळी सरकारं शाळा चालवतात.

डोंबिवलीने या भांडणाला बगल दिली. फाळणीनंतर, आणि विशेषतः १९५० नंतर, मुंबईत नोकरी करणारी पांढरपेशी कुटुंबं इथे राहायला आली. स. वा. जोशी विद्यालय, टिळकनगर विद्यामंदिर या शाळा कुणा सरकारने काढल्या नाहीत, रहिवाशांच्या संस्थांनी काढल्या. कल्याणात पेशव्यांचे सरसुभेदार रामजी महादेव बिवलकर यांच्या सुभेदार वाड्याचं नाव अशाच एका संस्थेच्या शाळेला चिकटलं, म्हणजे जिथून सुभ्याचा कारभार चालायचा तिथे मुलं पाढे म्हणू लागली. या ‘खाजगी अनुदानित’ शाळांची रचना मोठी मजेशीर आहे. संस्था लोकांची, पगार सरकारचा. १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याने शिक्षकाला संस्थाचालकाच्या लहरीपासून संरक्षण दिलं, पण नेमणुकीचा अधिकार संस्थेकडे राहिला. तो अधिकार किती मोलाचा होता, हे नोकरीसाठी वणवण केलेल्या कुठल्याही डी. एड. पदविकाधारकाला विचारावं. २०१७ नंतर शिक्षकभरतीचं ‘पवित्र’ पोर्टल आलं आणि उमेदवारांची यादी राज्याकडून येऊ लागली. तेव्हा संस्थाचालकांनी स्वायत्ततेचा मुद्दा काढला. शिक्षकांपैकी बरेच जण त्यावर गालातल्या गालात हसले.

सरकारी शाळांकडेही तेच तंत्रज्ञान आलं. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर टाकल्या. अवघड क्षेत्र, सोपं क्षेत्र, सेवेची वर्षं यांचे निकष भरले की यंत्र गाव ठरवतं. १९२३ पासून ज्या कागदावर बोर्डाच्या, परिषदेच्या राजकारणाची निम्मी शक्ती उभी होती, तो कागद एका दमात सर्व्हरवर गेला. शहरांत शिक्षण मंडळं त्याआधीच मोडीत निघाली होती. नगरसेवकांनी निवडलेल्या या मंडळांवर निवडणुकीत पडलेल्या, पण पक्षाला सांभाळायच्या माणसांची सोय व्हायची, हे कुणापासून लपलेलं नव्हतं. २०१३ मध्ये राज्याने कायदा बदलून त्यांचा कारभार महापालिकेत विलीन करायचं ठरवलं.

मग शाळेचा मालक कोण? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने चौथंच उत्तर दिलं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा आणि शाळेला मिळालेल्या पैशाच्या खर्चावर तिनेच नजर ठेवायची. कल्पना सुंदर आहे. पण महापालिकेच्या शाळेत मूल पाठवणाऱ्या पालकाचा दिवस धुणीभांड्यांत किंवा बांधकामावर जातो. बैठकीला यायचं तर मजुरी बुडते. त्यामुळे ठराव मुख्याध्यापक लिहितात आणि अंगठे, सह्या मागाहून गोळा होतात, असं अनेक ठिकाणी घडतं.

ठाण्याच्या तीन हात नाक्यावर २०१६ च्या जूनमध्ये जे झालं त्याने हा हिशेब आणखी गुंतवला. उड्डाणपुलाखाली सिग्नलवर फुलं, खेळणी विकणाऱ्या मुलांसाठी समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने महापालिकेच्या साहाय्याने तिथेच कंटेनरमध्ये शाळा सुरू केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचं, हा विचार ठाणे जिल्ह्याला नवा नव्हता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि मग कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या, तेव्हा ही दोन्ही गावं ठाणे जिल्ह्यातच होती. सिग्नल शाळेच्या दोन मुलांनी २०१८ मध्ये दहावी पार केली. इथे सत्ता कुणाची, असा प्रश्न कुणी फार ताणला नाही. संस्थेने काम उचललं आणि महापालिकेने जागा दिली.

पण तोच मुद्दा राज्यभराचं धोरण म्हणून आला तेव्हा वातावरण तापलं. १८ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने ‘शाळा दत्तक’ योजना आणली. देणगीदाराने रोख पैसे द्यायचे नाहीत, वस्तू आणि सेवा द्यायच्या, आणि मोठ्या मदतीच्या बदल्यात ठरावीक वर्षांसाठी शाळेला त्याच्या पसंतीचं नाव जोडायचं. व्यवस्थापनात ढवळाढवळ करता येणार नाही, असं कलम होतं. शिक्षक संघटना म्हणाल्या की आज नाव, उद्या किल्ली. पुढच्या वर्षी सरकारने उलट्या दिशेने एक नियम केला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला शिक्षण हक्क कायद्यातल्या दुर्बल घटकांसाठीच्या पंचवीस टक्के जागांतून सूट. फेब्रुवारी २०२४ ची ती अधिसूचना उच्च न्यायालयाने जुलैमध्ये रद्द केली. डोंबिवली-ठाण्यात एक किलोमीटरच्या आत एखादी पालिका शाळा सापडतेच. नियम टिकला असता तर इथल्या खाजगी शाळांच्या त्या जागा जवळपास संपल्या असत्या.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर वर्षानुवर्षं दोन्हीकडे प्रशासक बसले. शाळेचा सगळा कारभार, इमारतीपासून शिक्षकापर्यंत, सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या एका सहीवर चालला. फुल्यांनी मागितलं होतं जवळपास तेच, फक्त त्यांनी त्यासोबत मागितलेली सक्ती आणि पैसा त्या सहीबरोबर आला नव्हता. आणि निळज्या-घेसरच्या पालकाला अर्ज घेऊन कुठे जायचं हे अजूनही आधी विचारावंच लागत होतं.