गोठवलेल्या मातृदुग्धाची पेढी

आईचे दूध न मिळणाऱ्या तान्ह्याला वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत पूर्वी दुसरी ओली बाळंतीण अंगावर पाजी, नाहीतर गाईचे किंवा शेळीचे दूध दिले जाई. त्यात साठवणीचा प्रश्नच नव्हता, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या मुलखात बर्फाविना साठवण शक्यही नव्हती. व्हिएन्नात १९०९ मध्ये निघालेली मातृदुग्धपेढी, म्हणजे दात्या मातांचे दूध तपासून राखणारी व्यवस्था, महाराष्ट्रात मात्र १९८९ मध्ये आली. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभारलेली ही पेढी आशियातील पहिली मानली जाते.

पेढीत दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून, म्हणजे पाश्चरीकरण करून, झटकन थंड करतात आणि उणे २० अंशांवर गोठवतात. खरी कसोटी मात्र ते वितळवताना लागते, कारण गॅसवर उकळल्यास त्यातील रोगप्रतिकारक द्रव्ये नष्ट होतात. म्हणून ते शीतकपाटात किंवा कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवतात, शीतकपाटात वितळलेले दूध २४ तासांत वापरतात आणि पुन्हा गोठवत नाहीत.