चावी उलटी फिरवा

वणीहून राजूरकडे वळलात की झाडांच्या पानांवरूनच गाव ओळखू येतं. कुठे कोळशाची काळी भुकटी, कुठे चुनाभट्ट्यांची पांढरी. खाणवस्तीतल्या एका अंगणात तुम्ही बसला आहात. बँडमधून कधीच निवृत्त झालेले आजोबा माळ्यावरून साइड ड्रम काढतात आणि तुमच्या पुढ्यात ठेवतात. चौदा इंची तोंड, निळा रंग, गंजलेल्या रिंगा. खिशातलं लोहचुंबक लावून पाहा. रिंगेला चिकटतं, मधल्या पत्र्याला चिकटत नाही. जिथे रंगाचा टवका उडाला आहे तिथे आतलं पितळ पिवळं चमकतं.

आजोबा सांगतील ती किंमत मोजा, घासाघीस करू नका. आता चावी घ्या आणि एकेक बोल्ट उलटा फिरवा.

पहिला बोल्ट सैल होतो आणि तुम्ही 1970 च्या दशकात पोचता. देशातल्या बहुतेक खासगी कोळसा खाणी 1973 पर्यंत सरकारच्या ताब्यात गेल्या आहेत. आज 14 एप्रिल, आंबेडकर जयंती. पाळी संपल्याचा भोंगा होतो, माणसं आंघोळी उरकून मिरवणुकीत येतात. कानांमागे कोळसा अजून तसाच आहे. निळे झेंडे, आणि हा ड्रम नुकताच निळा रंगवलेला. म्हणून हा रंग खरवडायचा नाही. कारखान्यात तो चढला नव्हता, ज्यांनी ड्रम आपला मानला त्यांनी तो चढवला.

वरचं पान, म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणलेला पडदा, हातात येतं. ते प्लास्टिकचं आहे, म्हणजे साधारण 1957 किंवा त्यानंतरचं. त्या वर्षी अमेरिकेत रेमो बेली यांनी मायलरची पानं बनवून विकायला सुरुवात केली. त्याआधी ड्रम वासराच्या कातड्याने मढत. पावसाळी हवेत ते पान सैल पडे, वैशाखात इतकं ताणलं जाई की वाजवणारा बोल्ट ढिले करून ठेवी.

आता ड्रम उलटा करा. खालचं पान अजून कातड्याचंच आहे. उजेडासमोर धरलंत तर त्यात शिरांच्या पुसट रेषा दिसतात. त्या रेषांवरून आणखी मागे जा.

14 ऑक्टोबर 1956, नागपूर. पांढऱ्या कपड्यांतल्या लाखोंच्या गर्दीत तुम्ही उभे आहात आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर बौद्ध धम्माची दीक्षा घेत आहेत. इथे आलेल्यांच्या मागे कैक पिढ्यांची, जातीने लादलेली गावकी आहे. कोणाच्या माथी मेलेली गुरं ओढणं मारलं, कोणाच्या माथी कातडं कमावणं, कोणाच्या माथी वाजवणं. त्या कातड्यावर वाजलेल्या तालात लग्नं लागली, देवाच्या पालख्या निघाल्या, आणि वाजवणारे मांडवाबाहेर बसले. या दिवसानंतर कित्येक घरांनी गावकीची वाद्यं खाली ठेवली. त्या नकाराला केवढं धैर्य लागलं असेल, ते हातातल्या पानाकडे पाहून समजून घ्या.

आणखी एक बोल्ट. 1951. ‘अलबेला’ सिनेमा गाजतो आहे. त्यातल्या, नागपुरात गाणं शिकलेल्या सी. रामचंद्रांच्या चाली बँडवाले उचलत आहेत. मुंबईच्या स्टुडिओंत कावस लॉर्ड यांच्यासारखे वादक विलायती तालवाद्यं हिंदी गाण्यात रुळवत आहेत. त्याही मागे गेलात तर कामठीची छावणी लागते. 1821 साली वसलेल्या त्या छावणीत गोऱ्या पलटणी अशाच ड्रमवर पावलं टाकत.

पुन्हा अंगणात या. ड्रम पूर्ण उघडला आहे. सपाट काच जमिनीवर ठेवा, तिच्यावर पितळेची कड टेकवा आणि आत विजेरी लावा. जिथून उजेडाची फट दिसते तिथे कड वाकलेली आहे. लाकडी ठोकळा लावून हलक्या हाताने सरळ करा. बोल्टांच्या घरांत बारीक स्प्रिंगा आहेत. त्या आत थरथरून प्रत्येक ठोक्याला खुळखुळतात, तेव्हा त्यांच्यात कापूस भरा. गंजलेल्या रिंगांना तेल लावून बारीक लोखंडी लोकरीने पुसा. तुमचा हात पत्र्याकडे वळताच आजोबा अडवतात.

“घासू नोको भाऊ, पत्रा पातळ होते.”

पान बसवताना समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळा. एकाच बाजूने आवळत गेलात तर पान तिरकं बसतं आणि सूर फाटतो. शेवटी खालच्या पानाखालच्या तारा. वर काडी पडली की आतली हवा खालचं पान ढकलते, पान तारांवर आदळतं आणि तो करकरीत आवाज उठतो. तारा फार ताणल्यात तर आवाज गुदमरतो, ढिल्या सोडल्यात तर नुसती फरफर होते. कानाला पटेपर्यंत चावी फिरवत राहा.

हा ड्रम दिवाणखान्यात टांगायला घेऊ नका. पलटण गेली, हुकूम गेला, गावकी सुटली. तरी तो उरला, कारण पुढे माणसांनी तो आपल्या मर्जीने, आपल्या आनंदासाठी वाजवला. दुरुस्ती पुरी व्हायला तो पुन्हा वाजवणाऱ्याच्या गळ्यात जायला हवा. येत्या मिरवणुकीला तो द्या. वाजवणाऱ्याची बिदागी आधी ठरवा, आणि जेवणाच्या पंगतीत त्याला पहिल्या रांगेत बसवा.